बायपोलर विकार आणि डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (डीबीटी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायपोलर विकार रोजच्या मूडच्या चढउतारांपेक्षा वेगळा कसा?

सकाळी उत्साह आणि संध्याकाळी उदासी, हा अनुभव कोणालाही चुकलेला नाही आणि तेवढ्यावरून कोणाला बायपोलर विकार आहे असे म्हणता येत नाही. या विकारात बदल होतो तो एपिसोडच्या, म्हणजे काही काळ सलग टिकणाऱ्या आजाराच्या टप्प्याच्या रूपाने, आणि तो दिवसांत किंवा आठवड्यांत मोजावा लागतो. उन्मादाच्या म्हणजे मेनियाच्या निदानासाठी असामान्यपणे चढलेला किंवा चिडका मूड आणि वाढलेली ऊर्जा किमान एक आठवडा टिकलेली असावी लागते. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर हा कालावधी पाहिला जात नाही. सौम्य उन्मादासाठी म्हणजे हायपोमेनियासाठी किमान चार दिवस, तर नैराश्याच्या एपिसोडसाठी किमान दोन आठवडे धरले जातात. पूर्ण उन्माद एकदा जरी येऊन गेला असेल तर टाइप १, आणि हायपोमेनियाबरोबर मोठ्या नैराश्याचा एपिसोड आलेला असेल तर टाइप २, अशी ढोबळ विभागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे चार कोटी लोक या विकारासह जगत होते.

डीबीटी म्हणजे काय आणि ती कोणासाठी तयार झाली?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ही उपचारपद्धती विकसित केली. त्यांच्यासमोरचे रुग्ण होते वारंवार स्वतःला इजा करणारे किंवा आत्महत्येचा प्रयत्न करणारे, आणि त्यांतील अनेकांना बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना, नाती आणि स्वतःविषयीची प्रतिमा सतत अस्थिर असणारा विकार) होता. केवळ 'विचार बदला, वागणे बदला' असे सांगितले की या रुग्णांना आपले दुःख नाकारले जात आहे असे वाटे, आणि केवळ समजून घेतले तर काहीच बदलत नसे. म्हणून लिनेहान यांनी वर्तनोपचाराची शिस्त आणि स्वीकाराची वृत्ती एकाच उपचारात आणली. 'तुम्ही आज जसे वागत आहात त्यामागे कारण आहे' आणि 'तरीही हे बदलावे लागेल' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानून काम करणे, हा या थेरपीचा कणा आहे. या पद्धतीची पहिली यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना) १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे, २०११ मध्ये, तरुणपणी आपण स्वतःही अशाच गंभीर मानसिक त्रासातून गेलो होतो हे लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले.

मग बायपोलर विकारात तिचा विचार का केला जातो?

याचे उत्तर एपिसोडमध्ये कमी आणि दोन एपिसोडांच्या मधल्या काळात अधिक सापडते. टाइप १ च्या रुग्णांचा सुमारे तेरा वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की रुग्णांना जवळजवळ निम्मे आठवडे कोणती ना कोणती लक्षणे होतीच, आणि त्यांत उन्मादाच्या लक्षणांपेक्षा नैराश्याच्या लक्षणांचे आठवडे कितीतरी जास्त होते. म्हणजे कागदावर 'सध्या एपिसोड नाही' असे लिहिलेले असते, तेव्हाही अनेकांचे मन शांत नसते. लहानशा नकाराने दिवसभर कोसळून जाणे, रागाच्या भरात नोकरीचा राजीनामा पाठवणे, भावना एकदा उसळली की तासन्‌तास खाली न येणे, या तक्रारी बायपोलर असलेल्या अनेकांच्या तोंडी असतात आणि औषधांचा डोस वाढवून त्या पूर्णपणे सुटत नाहीत. डीबीटी नेमकी या भावनिक अस्थिरतेवर काम करण्यासाठीच बांधली गेली आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बायपोलर विकारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या कित्येक पट असतो, आणि आत्मघाती वर्तन हे डीबीटीचे पहिले लक्ष्य आहे.

ती उपयोगी पडते याला पुरावा काय आहे?

पुरावा आहे, पण तो समजून घेताना उत्साह आवरावा लागतो. सर्वांत सलग काम किशोरवयीन रुग्णांवर झाले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील टीना गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दहा किशोरवयीन रुग्णांवर एक वर्षाचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर २०१५ मध्ये वीस जणांची छोटी यादृच्छिक चाचणी झाली, आणि तीत डीबीटी घेणाऱ्या गटात नैराश्याची लक्षणे नेहमीच्या उपचारापेक्षा कमी झाल्याचे दिसले. याच गटाने पुढे १२ ते १८ वयोगटातील १०० रुग्णांची मोठी चाचणी केली. एका वर्षात छत्तीस सत्रे, सोबत औषधोपचार, आणि तुलनेसाठी दुसरी प्रचलित मानसोपचारपद्धती, अशी तिची रचना होती.

या मोठ्या चाचणीचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. मूडची लक्षणे दोन्ही गटांत सारखीच सुधारली. म्हणजे 'डीबीटीमुळे बायपोलर लवकर बरा होतो' असे त्यातून निघत नाही. पण आत्महत्येचे प्रयत्न डीबीटीच्या गटात लक्षणीयरीत्या कमी झाले, आणि ज्यांनी पूर्वी असा प्रयत्न केला होता त्यांना विशेष फायदा झाला. माझ्या मते बायपोलर विकारात डीबीटीची जागा कोठे आहे हे या एका निकालातून सर्वांत स्वच्छ दिसते.

प्रौढांसाठीचे अभ्यास आकाराने लहान आहेत. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बारा आठवड्यांच्या डीबीटी-आधारित गटवर्गानंतर नैराश्याची लक्षणे घटली आणि आपल्या भावनांवर आपला ताबा आहे ही जाणीव वाढली. अशा छोट्या अभ्यासांतून दिशा कळते, पण 'बायपोलर विकारावरचा सिद्ध उपचार' हे बिरूद डीबीटीला अजून लावता येणार नाही, आणि जो कोणी ते छातीठोकपणे लावत असेल त्याच्याविषयी सावध राहिलेले बरे.

डीबीटी सुरू केली तर औषधे बंद करता येतील का?

नाही. बायपोलर विकारावरच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासांत डीबीटी ही औषधांच्या जोडीने दिलेली आहे, औषधांच्या ऐवजी नाही. लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन यांसारखी औषधे एपिसोड रोखण्याचे जे काम करतात ते कोणतीही बोलण्याची थेरपी करू शकत नाही. विशेषतः लिथियम अचानक थांबवल्यास उन्माद उलटण्याचा धोका वाढतो. दुष्परिणाम त्रासदायक होत असतील तर ती गोष्ट मनोविकारतज्ज्ञांसमोर कशी मांडावी, हे मात्र डीबीटीमध्ये शिकता येते. काही थेरपिस्ट गोळ्या चुकवण्याला उपचारात अडथळा आणणारे वर्तन मानतात आणि सत्रात त्याची उघड, दोष न देता चर्चा करतात. हा मार्ग मला औषधांविषयीच्या उपदेशापेक्षा कितीतरी परिणामकारक वाटतो.

संपूर्ण उपचाराची रचना कशी असते?

प्रमाणित डीबीटीचे चार भाग असतात. आठवड्यातून एकदा थेरपिस्टबरोबर वैयक्तिक सत्र होते. आठवड्यातून एकदा साधारण दोन ते अडीच तासांचा कौशल्यांचा गटवर्ग असतो, आणि त्याचे स्वरूप गप्पांपेक्षा शिकवणीच्या जवळ जाणारे असते. गृहपाठ दिला जातो आणि पुढच्या वेळी तो तपासलाही जातो. तिसरा भाग म्हणजे दोन सत्रांच्या मध्ये, प्रत्यक्ष अडचणीच्या क्षणी, कोणते कौशल्य वापरायचे हे विचारण्यासाठी थेरपिस्टला करायचा छोटा फोन. चौथा भाग रुग्णाला दिसतही नाही: थेरपिस्ट आपसांत नियमित बैठक घेऊन एकमेकांचे काम तपासतात आणि एकमेकांना सावरतात. कौशल्यांची एक फेरी सुमारे चोवीस आठवड्यांची असते आणि ती बहुधा पुन्हा केली जाते, म्हणून पूर्ण उपचार वर्षभराचा धरावा.

बायपोलर रुग्णांसाठी यात फेरफार केले जातात. गोल्डस्टीन यांच्या पद्धतीत वैयक्तिक सत्रे आणि एकेका कुटुंबाला स्वतंत्रपणे दिलेले कौशल्य-प्रशिक्षण आलटून पालटून होते, पहिले सहा महिने दर आठवड्याला आणि नंतर अंतर वाढवत. प्रमाणित डीबीटीमध्ये सलग चार आठवडे गैरहजर राहणाऱ्याला कार्यक्रमातून बाहेर पडावे लागते. बायपोलरच्या रुग्णाला दाखल व्हावे लागले किंवा नैराश्याने अंथरुणातून उठवले नाही तर हा नियम कसा लावणार, हे सुरुवातीलाच स्पष्ट विचारून घ्यावे.

डायरी कार्ड म्हणजे काय? ते रोज भरणे खरोखर आवश्यक आहे का?

डायरी कार्ड हा एका आठवड्याचा तक्ता असतो. डावीकडे सात वार आणि वरच्या ओळीत रकाने: दुःख, राग, भीती, लाज, आनंद यांची तीव्रता शून्य ते पाच, आत्मघाताची किंवा स्वतःला इजा करण्याची ऊर्मी किती होती, प्रत्यक्षात काय घडले, औषधे घेतली का, दारू किंवा अन्य पदार्थ घेतले का, आणि त्या दिवशी कोणते कौशल्य वापरले. बायपोलर विकारासाठी यात झोपेचे तास, ऊर्जेची पातळी आणि चिडचिड हे रकाने जोडणे उपयुक्त ठरते.

एखाद्या आठवड्याचे कार्ड डोळ्यांसमोर आणावे. सोमवारी झोप सात तास, मंगळवारी सहा, बुधवारी साडेचार, गुरुवारी चार. ऊर्जा दोनवरून पाचवर. आनंदाचा आकडा चढता. आणि 'कौशल्य' या रकान्यात गुरुवारी लिहिले आहे, 'गरज वाटली नाही'. रुग्णाला विचारले तर तो म्हणेल की आठवडा झकास गेला. कार्ड मात्र वेगळेच सांगते, कारण कमी झोप होऊनही थकवा न येणे ही उन्मादाची नेहमीची आगाऊ सूचना आहे. हायपोमेनियामध्ये स्वतःच्या स्थितीचे भान सर्वांत आधी सुटते. अशा वेळी आपल्याच हाताने, आपल्याच पेनाने भरलेले आकडे नाकारणे माणसाला जड जाते. म्हणून डीबीटीतील कोणतीही एकच गोष्ट पदरात पडणार असेल तर ती डायरी कार्डची सवय असावी, असे मी म्हणेन.

डीबीटीत नेमकी कोणती कौशल्ये शिकवतात?

ती चार गटांत मोडतात.

पहिला गट सजगतेचा आहे. मनात काय चालले आहे ते निवाडा न करता पाहणे आणि त्याला नाव देणे, आणि भावना व तर्क या दोहोंचे ऐकून घेणाऱ्या 'शहाण्या मना'पर्यंत पोहोचणे, हा त्याचा गाभा आहे. यासाठी तासभर ध्यानाला बसावे लागत नाही. दोन-तीन मिनिटांचे सराव पुरतात, आणि बायपोलरमध्ये तेच बरे, कारण मन अस्थिर किंवा भ्रमित असताना दीर्घ ध्यान काहींना मानवत नाही.

दुसरा गट ताण सोसण्याचा. संकट लगेच सुटणार नाही, पण त्या तासाभरात ते आणखी बिघडवायचेही नाही, यासाठी ही कौशल्ये आहेत: थांबणे, एक पाऊल मागे घेणे, चेहऱ्यावर गार पाण्याचा वापर, थोडा वेळ जोरकस व्यायाम, श्वास सोडण्याचा काळ श्वास घेण्यापेक्षा लांबवणे. 'मला हा आजार आहे' या वस्तुस्थितीशी रोज भांडत न बसता तिचा संपूर्ण स्वीकार करणे हेही याच गटात येते, आणि निदान नुकतेच झालेल्यांना ते सर्वांत अवघड जाते.

तिसरा गट भावनांच्या नियमनाचा. भावनेला कारण झालेली वस्तुस्थिती तपासणे, भावना परिस्थितीला धरून नसेल तर ती जे करायला सांगते त्याच्या उलट वागणे, आणि झोप, आहार, व्यायाम, शारीरिक आजारांवर उपचार व नशेपासून दूर राहणे यांची घडी बसवणे. ही घडी बायपोलर रुग्णासाठी औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

चौथा गट नातेसंबंधांचा: मागणी स्पष्टपणे मांडणे, नकार देणे, आणि हे करताना नाते व स्वाभिमान दोन्ही राखणे. एपिसोडमध्ये दुखावलेली नाती सांधताना तो कामी येतो.

उन्मादाच्या काळात ही कौशल्ये चालतात का?

पूर्ण उन्माद चढल्यावर फारशी चालत नाहीत, आणि तेव्हा थेरपीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. त्या वेळी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे यांचीच गरज असते. कौशल्यांचा उपयोग होतो तो चढणीच्या पहिल्या काही दिवसांत. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, म्हणून ती मूड स्थिर असतानाच घोटून ठेवावी लागतात.

येथे एक अडचण आहे आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. डीबीटीतील बरीच कौशल्ये दुःख, भीती, लाज अशा नकोशा भावना गृहीत धरून शिकवली जातात. उन्मादाची सुरुवात मात्र अनेकदा हवीहवीशी असते. 'विरुद्ध कृती', म्हणजे भावना सांगते त्याच्या उलट वागणे, नैराश्यात लावायची तर अंथरुणातून उठणे, बाहेर पडणे, माणसांत जाणे असा तिचा अर्थ होतो. हायपोमेनियामध्ये तीच कृती उलट्या दिशेने लावावी लागते: निमंत्रण नाकारणे, दिवे मंद करणे, संध्याकाळनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, झोप येत नसली तरी अंधारात पडून राहणे, डोक्यात आलेल्या दहा योजनांपैकी एकही आज सुरू न करणे.

तीच गोष्ट आनंददायी अनुभव वाढवण्याच्या सल्ल्याची. नैराश्यात तो योग्यच आहे. परंतु मोठे ध्येय गाठल्यानंतर, म्हणजे बढती, स्पर्धेतील यश, नवे नाते अशा घटनांनंतर, बायपोलर टाइप १ असलेल्यांमध्ये उन्मादाची लक्षणे वाढू शकतात असे मानसशास्त्रज्ञ शेरी जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे यश मिळाल्याच्या आठवड्यात झोपेवर अधिक लक्ष ठेवणे हा शहाणपणाचा भाग ठरतो. मोठी खरेदी, गुंतवणूक किंवा राजीनामा यांसाठी दोन दिवस थांबण्याचा आणि विश्वासातल्या दोन माणसांना विचारण्याचा नियम काही थेरपिस्ट सीबीटीतून (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी थेरपी) उचलून येथे वापरतात. तो डीबीटीचा मूळ भाग नसला तरी तिच्यात चपखल बसतो.

लिथियम किंवा इतर औषधे चालू असताना काही कौशल्यांबाबत काळजी घ्यावी लागते का?

होय, आणि सर्वसाधारण पुस्तिकांमध्ये हे क्वचितच ठळकपणे लिहिलेले असते. लिथियमची रक्तातील सुरक्षित पातळी अरुंद पट्ट्यात असते. घाम येऊन शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले की ती पातळी चढू शकते. म्हणून भावना शमवण्यासाठी जोरकस व्यायाम करायचा असेल तर पाणी पुरेसे प्यावे, उन्हात दमछाक करू नये, आणि हातांची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले किंवा तोल जाऊ लागला तर त्वरित डॉक्टरांना कळवावे. गार पाण्यात चेहरा बुडवल्याने हृदयाची गती झपाट्याने कमी होते. परिणाम साधतो तो त्यामुळेच. पण ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांची नाडी मुळातच मंद आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. लिथियममुळे होणाऱ्या थरथरीवर काहींना प्रोप्रानोलॉल दिले जाते आणि तेही हृदयाची गती मंदावते, हे लक्षात असू द्यावे.

आत्महत्येचे विचार येत असतील तर डीबीटी काय करते?

वैयक्तिक सत्राचा क्रम ठरलेला असतो. जिवाला धोका निर्माण करणारे वर्तन पहिले, उपचारात अडथळा आणणारे वर्तन दुसरे, आणि जगण्याचा दर्जा बिघडवणाऱ्या इतर गोष्टी त्यानंतर. त्या आठवड्यात आत्मघाताचा प्रयत्न झाला असेल किंवा ऊर्मी तीव्र झाली असेल तर सत्राची सुरुवात तेथूनच होते, मग रुग्णाला दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलायचे असले तरी.

यासाठी वापरतात ते साखळी विश्लेषण. समजा एका तरुणाला बुधवारी रात्री जगणे नकोसे वाटले. थेरपिस्ट 'का वाटले' एवढेच विचारून थांबत नाही, तर मागे मागे जात कड्या जुळवतो. मंगळवारी रात्री झोप अपुरी झाली. दुपारचे जेवण टळले. चार वाजता वरिष्ठांचा कोरडा ईमेल आला. 'मी सगळ्यांवर ओझे आहे' हा विचार आला. मित्राचा फोन त्याने उचलला नाही. रात्री एकटाच पीत बसला. आणि मग ती ऊर्मी आली. आता प्रत्येक कडीपाशी प्रश्न येतो की येथे वेगळे काय करता आले असते. ऊर्मीच्या क्षणी बहुधा फार थोडे करता आले असते, पण फोन वाजत होता तेव्हा किंवा जेवण टळले तेव्हा बरेच काही शक्य होते.

हे काम आठवड्यांचे आहे. आत्ता, या क्षणी, जीव देण्याचा विचार पक्का होत असेल तर हे पान बाजूला ठेवून आपल्या भागातील आपत्कालीन सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करावा, जवळच्या रुग्णालयात जावे, आणि तोवर एकटे राहू नये.

माझ्या निदानाबाबत बायपोलर की बॉर्डरलाइन असा घोळ आहे. डीबीटी घ्यावी का?

दोन्हींत आवेग असतो, राग असतो, आत्मघाताचा धोका असतो. त्यामुळे गल्लत होते. फरक बहुधा वेळेत दिसतो. बॉर्डरलाइनमध्ये मूड काही तासांत पालटतो आणि त्याला बहुतेकदा नात्यातील एखादा प्रसंग कारणीभूत असतो. बायपोलर एपिसोड दिवस-आठवडे चालतो, झोपेची गरजच कमी होते, आणि बाहेर काहीही घडलेले नसताना तो सुरू होऊ शकतो. शिवाय काही रुग्णांना दोन्ही विकार एकत्र असतात. अशा व्यक्तीसाठी डीबीटी हा उजवा पर्याय आहे, कारण बॉर्डरलाइनसाठी तिचा पुरावा भक्कम आहे. मात्र 'तुम्हाला बॉर्डरलाइनच आहे' असे गृहीत धरून मूड स्टॅबिलायझर, म्हणजे लिथियमसारखी मूड स्थिर ठेवणारी औषधे, काढून टाकले जात असतील तर दुसरे वैद्यकीय मत जरूर घ्यावे.

सीबीटी किंवा इतर थेरपींपेक्षा डीबीटी चांगली आहे का?

सर्वांसाठी नाही. बायपोलर विकारात मनोशिक्षण (आजार आणि त्याचा सांभाळ यांची पद्धतशीर माहिती देणे), कुटुंबकेंद्रित थेरपी, सीबीटी आणि झोपजागेची व नातेसंबंधांची लय सांभाळणारी थेरपी यांचा पुरावा डीबीटीपेक्षा जुना आणि विस्तृत आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बायपोलर नैराश्य असलेल्या २९३ रुग्णांना औषधांच्या जोडीने यांतील शेवटच्या तीनपैकी एखादी सखोल थेरपी किंवा केवळ तीन सत्रांचे मार्गदर्शन देण्यात आले. सखोल थेरपी घेणारे अधिक लवकर सावरले. डीबीटी त्या चाचणीत नव्हती. ज्यांचा मुख्य प्रश्न अनियमित झोप हा आहे, किंवा आजाराची माहितीच अपुरी आहे, त्यांनी आधी मनोशिक्षण आणि दिनक्रमावरच्या थेरपीचा विचार करावा. ज्यांना भावनांचे उसळणे, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे विचार यांचा त्रास आहे, त्यांच्यासाठी डीबीटी विचारात घेण्याजोगी आहे.

कुटुंबीयांनी काय करावे?

डीबीटीत ज्याला मान्यता देणे म्हणतात ते शिकून घ्यावे. त्याचा अर्थ होला हो म्हणणे असा नाही. 'एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस' याऐवजी 'त्या बोलण्याने तुला लागले हे दिसते आहे' असे म्हणताना आपण भावनेला मान्यता देतो, त्यातून होणाऱ्या वागण्याला नाही. पण बायपोलरच्या घरात याच्या उलटही चूक होते. प्रत्येक आनंदाकडे संशयाने पाहून 'गोळी घेतलीस का?' असे विचारले की रुग्णाला आपली एकही भावना खरी मानली जात नाही असे वाटू लागते, आणि तो खऱ्या सूचनाही लपवू लागतो. मूड स्थिर असतानाच, रुग्णाच्या संमतीने, कोणती लक्षणे दिसल्यावर कोण बोलेल, कोणत्या शब्दांत बोलेल आणि डॉक्टरांना कधी कळवले जाईल हे लिहून ठेवावे. मग तो प्रश्न टोमणा राहत नाही, आधी ठरलेल्या कराराचा भाग होतो.

डीबीटी कोणी टाळावी किंवा पुढे ढकलावी?

तीव्र उन्माद, भ्रम-भास किंवा बोलणेही अशक्य करणारे नैराश्य असताना ती सुरू करू नये. आधी औषधांनी स्थिरता आणावी. नशेचे तीव्र व्यसन असेल तर त्यावरचा उपचार सोबत हवा. आणि ज्यांचा मूड औषधांवर उत्तम सावरला आहे, कामकाज सुरळीत आहे, त्यांना वर्षभराच्या एवढ्या दाट उपचाराची गरज असतेच असे नाही.

योग्य थेरपिस्ट कसा निवडावा?

'आम्ही डीबीटी करतो' या वाक्यामागे पुष्कळ प्रकार असतात. काहींकडे चारही भागांचा पूर्ण कार्यक्रम असतो, काहींकडे केवळ गटवर्ग असतो, तर काही जण इतर समुपदेशनात दोन-चार कौशल्ये मिसळतात. यांतील काहीही निरुपयोगी नाही, पण आपण काय घेत आहोत हे माहीत असावे. पहिल्याच भेटीत विचारावे: डीबीटीचे प्रशिक्षण कोठे आणि किती काळ घेतले? थेरपिस्टांची आपसांतली नियमित बैठक, म्हणजे सल्लागार गट, आहे का? दोन सत्रांच्या मध्ये फोन करता येतो का, आणि कोणत्या मर्यादेत? बायपोलर विकाराच्या रुग्णांबरोबर पूर्वी काम केले आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, माझ्या मनोविकारतज्ज्ञांशी तुम्ही थेट बोलाल का? या शेवटच्या प्रश्नाला 'त्याची गरज नाही' असे उत्तर आले तर दुसरा थेरपिस्ट शोधावा.

पुस्तके, व्हिडिओ किंवा अ‍ॅपवरून ही कौशल्ये स्वतः शिकता येतील का?

काही अंशी येतील. श्वसनाचा सराव, डायरी कार्ड, झोपेची घडी, नकार देण्याची रीत या गोष्टी स्वतः सुरू करण्यात धोका नाही आणि प्रशिक्षित थेरपिस्ट जवळ नसताना तोच व्यवहार्य मार्ग असतो. पण आत्महत्येचे प्रयत्न झालेले असतील, किंवा मागील वर्षात रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर एकट्याने शिकण्यावर भागवू नये. स्वतः शिकत असतानाही भरलेली कार्डे मनोविकारतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला सोबत न्यावीत. 'गेला महिना कसा गेला?' या प्रश्नाला आठवणीतून दिलेल्या उत्तरापेक्षा चार आठवड्यांचे आकडे पाहून औषधांचा निर्णय घेणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे जाते.